लाड बाजार आपलाही आहे

मराठवाड्यातल्या येडशीहून बार्शीला जायचं म्हणजे 1948 पर्यंत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं. बार्शी 1947 पर्यंत इंग्रजांची, येडशी निजामाची. इकडे निजामाचा हाली शिक्का, तिकडे इंग्रजी कलदार रुपया, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा जाच. जवळचा बाजार बार्शीचा असला तरी राजधानी हैदराबादच. वरचं कोर्ट, वरचं शिक्षण, मोठी नोकरी, सगळं तिथं. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपल्या पोरांना ते शहर फक्त 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांतून कळू लागलं. आता गेलो तर रामोजी फिल्म सिटी पाहतो, बिर्याणी खातो, चारमिनारपुढे फोटो काढतो आणि परततो.

त्याच चारमिनारच्या पश्चिमेला बांगड्यांचा लाड बाजार सुरू होतो आणि महबूब चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे जातो. चारमिनार 1591 चा. त्याच्या भोवतीचा व्यापारही जुनाच. दुकानदार बहुतेक मुसलमान, गिऱ्हाईक मात्र सगळ्या जातिधर्मांचं. तेलुगू नवरी, मारवाडी सासू, बुरख्यातल्या मैत्रिणी एकाच गल्ल्यापुढं दाटीवाटीनं बसून घासाघीस करतात.

तिथं लाखेची बांगडी होताना जरूर पाहावी. शेगडीवर लाख तापते, मऊ झाली की कारागीर तिची लांब कांडी वळतो, मापानं तोडतो, टोकं गरम असतानाच जुळवून गोल करतो. थंड व्हायच्या आत साच्यावर चढवून आकार पक्का करायचा. मग रंगाचा थर, आणि त्यात एकेक खडा, एकेक आरशाचा तुकडा दाबून बसवायचा. विस्तवाजवळ तासन् तास बसून बोटं भाजून निघतात. 2024 मध्ये या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. मान मोठाच आहे, पण त्यातला पैसा त्या भाजलेल्या बोटांपर्यंत किती पोचतो, हे विचारायलाच हवं.

आपल्या गावांत बांगड्यांचा धंदा मण्यारानं सांभाळला. लग्नघरी हिरवा चुडा भरायला कुठं कासार येतो, कुठं मुसलमान मण्यार. परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायला बाई एरवी कचरेल. मण्यारापुढं मात्र निर्धास्त बसते. तो बोटं चेपत, हाडाला न दुखवता बांगडी चढवतो. चुडा भरून झाला की ती त्याला नमस्कार करते. सौभाग्याची खूण मुसलमानाच्या हातून चढते, याचं आमच्या आज्यांना कधी नवल वाटलं नाही. सलोख्यावरच्या शंभर व्याख्यानांपेक्षा मला हा एक नमस्कार मोलाचा वाटतो.

याचा अर्थ इतिहास गोड होता असा नाही. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी इथं घरं जाळली, माणसं मारली. आणि 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हेही तितकंच खरं. या कत्तलींची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपल्या उस्मानाबादचं नाव घेतलं. पहिली गोष्ट आपण दरवर्षी सांगतो, दुसरी सांगत नाही. दोन्ही सांगितल्याशिवाय त्या काळाचा हिशेब पुरा होत नाही. एवढं रक्त सांडल्यावरही मण्याराची पेटी दारात येत राहिली आणि बायकांनी हात पुढं केले. बाजारानं जे जोडलं होतं ते त्या वर्षालाही पुरतं तोडता आलं नाही.

आता ते तोडायचं काम मोबाईलवर चालतं. अमक्याकडून घेऊ नका, तमक्याच्या दुकानाची पायरी चढू नका. असा संदेश पुढं ढकलणाऱ्याला त्यात धर्मरक्षण दिसतं. मला त्यात एका कष्टाळू घराच्या चुलीवर पाणी ओतणं दिसतं, आणि आपल्याच आज्यांचा अपमान.

म्हणून एवढंच सांगणं आहे. हैदराबादला गेलात तर लाड बाजाराला अर्धा दिवस द्या, कारागिराजवळ बसा, त्याची कमाई विचारा, जमल्यास त्याच्याकडूनच घ्या. आणि या दिवाळीत घरच्या लेकीसुनांच्या बांगड्या गावातल्या मण्याराकडेच भरा.