चुन्याआधीचा दगड

वाशिम जिल्ह्यातील इंझोरीच्या शिवारात विहीर खणू लागले की आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा हा थर. त्यात सजीवाची खूण सापडणे विरळाच. मात्र येथून पूर्वेकडे निघून यवतमाळ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वणी-राजूरच्या बाजूस गेलो, की हे काळे पांघरूण विरत जाते आणि त्याखालची फार जुनी चुनखडी उघडी पडते. राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या याच दगडावर चालत आल्या.

हा दगड सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचला. वणी परिसरातील चुनखडीत कोठे कोठे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, एकावर एक बसलेले बारीक थर दिसतात. अभ्यासक त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. उथळ पाण्यात सूक्ष्म जीवांचे चिकट थर पसरत. त्यांवर गाळ बसे, गाळावर पुन्हा जीव वाढत. ना हाड, ना शिंपला. उरली ती त्यांच्या राहण्याची घडी. अशाच जीवांनी युगानुयुगे सोडलेल्या प्राणवायूवर आज आपला श्वास चालतो.

तिकडून आणलेला असा एक तुकडा आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात नेला होता. त्याचे वय ऐकून एका मुलाने विचारले, "तेव्हा माणूस नव्हता, मग देव हे सगळे कोणासाठी करीत होता?" आम्ही तयार उत्तर दिले: माणसासाठी घर सजवीत होता. मुलगा गप्प बसला. आमचे समाधान मात्र झाले नाही. शंभर कोटी वर्षे का कोणी घर सजवतो? शिवाय उत्पत्तीच्या पुस्तकात माणूस घडण्याआधीच परमेश्वर आपली निर्मिती पाहतो आणि ती चांगली आहे असे ठरवतो. त्या चांगुलपणाला आमच्या उपयोगाची अट नव्हती. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात इतर जीवांना स्वतःचे मोल असते असे लिहिले, तेही याच वाटेने जाते.

असे असेल, तर तो दगड भट्टीत घालण्याचा आम्हांला काय अधिकार? प्रश्न सोपा नाही. नाताळापूर्वी घराला चुना देणाऱ्यांत आम्हीही आहोत. खाणीवर घण मारून ज्याची चूल पेटते, त्याला पंख्याखाली बसून दगडाचे माहात्म्य सांगणे हा उद्धटपणाच ठरेल. शिवाय चुना तसा प्रामाणिक पदार्थ. सुमारे नऊशे अंश तापवले की शंभर किलो शुद्ध चुनखडीतून चव्वेचाळीस किलो वायू निघून जातो, छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो. पाणी घालताच तो फुलतो, उकळतो. आणि भिंतीवर चढला की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेऊन पुन्हा दगड होतो. द्रव्यापुरते पाहिले तर कोणाचे काहीच बुडत नाही.

बुडते ती घडी. थरावर थर बसण्याचा तो क्रम भिंतीवर परत येत नाही. द्रव्य आम्ही वापरावे, त्याला आमची हरकत नाही. परंतु जी साक्ष दुसऱ्या कोणी कधीच देऊ शकणार नाही, ती न वाचताच जाळणे हे आम्हांला निव्वळ वापर वाटत नाही. पेटीतली जुनी पत्रे न उघडता बंबात घालण्यासारखे ते आहे. थर असलेली एखादी शिळा बाजूला काढून ठेवली, तर भट्टीचे फारसे नुकसान होणार नाही. त्यासाठी घण मारणाऱ्याला कोणीतरी ती आधी दाखवून द्यायला हवी, आणि बाजूला ठेवलेल्या दगडाची मजुरीही त्याला मिळायला हवी. हा दुसरा भाग आमच्यासारखे लोक नेमका विसरतात.

तो तुकडा वर्गाच्या खिडकीत ठेवला आहे. यंदाही खोलीला चुना दिला, तेव्हा त्याच मुलाने तो कागदात गुंडाळून आधी बाहेर नेला.