एका दिवसाचे धनी किती?

पंचांगाचे पान उलटावे तर एकेका तिथीखाली कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी नोंदलेली दिसते. वर्तमानपत्रातले 'दिनविशेष' तर त्याहून लांब. १७ सप्टेंबरचेच पहा. १८७९ साली या तारखेस इरोडला पेरियार रामस्वामी जन्मले, १८८५ साली पनवेलीस प्रबोधनकार ठाकरे जन्मले, १९१५ साली पंढरपुरात चित्रकार हुसेन जन्मले, आणि १९४८ साली निजामाने शरणागती पत्करून आमचा परभणी जिल्हा त्याच्या राजवटीतून सुटला. हे वाचले की भाविक मनाला वाटते, या दिवसाच्या अंगीच काही गुण असला पाहिजे. खरेच असतो काय?

आम्हांला तसे वाटत नाही. वर्षाचे दिवस मोजके आणि जन्मणारी-मरणारी माणसे अगणित. तेव्हा एकेका दिवसाच्या पदरात पुष्कळ काही पडणारच. एका गाडीतून उतरलेली माणसे काही एका घरची नसतात. शिवाय चांद्र वर्ष भरते सुमारे ३५४ दिवसांत. म्हणून तिथी आणि तारीख यांची गाठ दरसाल सुटते. आज तिथीने जुळलेले उद्या तारखेने जुळेलच, असे नाही.

मग कुणी म्हणेल, आषाढ वद्य त्रयोदशीचे काय? शके १२७२ मध्ये, म्हणजे सन १३५० साली, याच तिथीस नामदेवराय पंढरीच्या महाद्वारी समाधिस्थ झाले आणि त्याच दिवशी जनाबाईनेही देह ठेवला, अशी आपली परंपरा सांगते. हा योगायोगच म्हणायचा का? नाही, बाबांनो. गंगाखेडची ही पोर नामदेवांच्या घरी आली, दळणकांडण करता करता त्या घराची झाली, आणि आपल्या नावाआधी नामयाचे नाव घेऊ लागली. गाठ बांधली ती जन्मभराच्या सेवेने आणि नामाने. तिथीने शेवटी तीवर नुसता शिक्का उठवला.

म्हणजे दिवस हे रिकामे भांडे आहे. त्यात काय ठेवायचे ते माणसे ठरवतात. १ मे घ्या. १९६० साली या दिवशी महाराष्ट्र राज्य झाले, मराठी मुलूख एक झाला. पुढे १९९९ साली हाच दिवस धरून परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा काढला. नामदेवांच्या घराण्याची नरसी आणि जनाबाईचे गंगाखेड तोवर एकाच जिल्ह्यात होती. त्या दिवसापासून दोन जिल्ह्यांत गेली. जोडण्याचा दिवस तोच, वाटणीचाही तोच. कारभाराला ते सोयीचे झाले असेल, आमची काही तक्रार नाही. पण पाहा, दिवस बिचारा कशालाच नको म्हणत नाही.

दिवस नको म्हणत नाही म्हणूनच जबाबदारी आपल्यावर येते. भांडे आपण भरायचे, तर त्यातले काय झाकायचे आणि काय दाखवायचे, हेही आपणच करतो. मोठ्या नावाच्या सावलीत धाकटे नाव सहज झाकून जाते. जनीला त्याचे वाईट वाटले नसते. पण स्मरण करणाऱ्याने तिला विसरणे हा स्मरणातला उणेपणाच.

आता पुन्हा १७ सप्टेंबराकडे येऊ. रझाकारांचा जुलूम सोसलेल्या आमच्या मुलखाला तो दिवस मुक्तीचा वाटला, आणि तो मुक्तीचाच आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे उभे राहून ज्यांनी तुरुंग भोगला, प्राण दिले, त्यांच्यापुढे मस्तक नमलेच पाहिजे. पण त्या दिवसाच्या पाठोपाठ संस्थानात कित्येक निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच वर्षी येथे फिरली. तिने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि तो अहवाल कित्येक दशके बंद राहिला. एका घरी गुढी उभी होती तेव्हा दुसऱ्या घरी रडणे चालले होते.

कुणी म्हणतील, सणाच्या दिवशी हे कशाला काढता? आम्ही विचारतो, अर्धा दिवस आठवणे याला स्मरण म्हणावे काय? ज्याला सर्वांभूती पांडुरंग दिसतो, त्याला शेजारच्या घरातले रडणे ऐकू येऊ नये, हे कसे? दुसऱ्याच्या दुःखाची आठवण ठेवल्याने आपली मुक्ती उणी होत नाही. आपल्यावरचा जुलूम जसा खोटा ठरत नाही, तसा त्यांच्यावरचाही ठरवता येत नाही. दोन्ही गोष्टी त्याच दिवसांत घडल्या. दोन्हींना त्या दिवसात जागा आहे.

तेव्हा येत्या १७ सप्टेंबरास झेंड्याला वंदन करावे, हुतात्म्यांची नावे घ्यावीत, आणि मग क्षणभर थांबून विचारावे, या दिवसाचे आणखी धनी कोण? त्यांच्यासाठीही दोन घटका नाम घ्यावे. आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवरायांबरोबर जनीचे नाव घेताना हाच वळसा मनाला पडावा, एवढेच आमचे मागणे.