घाम की नाम?

आजचं वाचन: गीता, अध्याय ६, श्लोक १७. आहार-विहार, झोप, काम बेताचं असेल त्याचाच योग दुःख घालवतो, असं भगवंत म्हणतात.

गेल्या वर्षी रिलीजच्या दिवसांत छातीत सारखी धडधड. जपात मन बसेना. वाटलं, भक्तीच कमी पडतेय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज अर्धा तास चालायलाही सांगितलं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाऊ लागलो. हळूहळू झोप लागली, जपही लागला. आणि खरं सांगू? अपराधी वाटलं. शांती घामाने आली, मग नामाचं काय?

पण मनाला २०५ श्लोक ऐकवणारे समर्थच गावोगावी मारुती स्थापत होते, बलोपासना शिकवत होते. मनाशी बोलताना त्यांनी शरीर वगळलं नाही. मीच वगळलं होतं.

गोळ्या अजून चालू आहेत. आज पाऊस, म्हणून घरातच बारा सूर्यनमस्कार घातले. जप राहिलाय, बसतो आता.