सोडून द्यायचं ते कुणाच्या वाट्याचं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या महिन्यात आपल्या गटावर एक प्रश्न आला आणि दोन दिवस त्यावर बरंच बोलणं झालं. गाडी नियमाने लावलेली असूनही दंड आला, तर साधकाने काय करावं? मुकाट्याने भरून मोकळं व्हावं, की दाद मागावी? प्रश्न पाचशे रुपयांचा दिसतो, पण तेवढाच नाहीये. म्हणून आम्ही सेवेकरी भगिनींनी त्यावर थोडं बसून बोललो, आणि जे सुचलं ते इथे मांडतोय.

आधी प्रसंग सांगतो, कारण सगळ्यांनीच तो गटावर वाचलेला नसेल. आपल्या एका केंद्रातले काका, सत्तरीच्या घरातले, निवृत्त शिक्षक. त्यांच्या गावात बाजारातल्या रस्त्यावर सम-विषम पार्किंग आहे. सम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, विषम तारखेला समोरच्या. तसा बोर्डही आहे. काकांनी सम तारखेला सम बाजूलाच स्कूटर लावली आणि चार दिवसांनी मोबाइलवर 500 रुपयांचं चालान आलं. (बडोद्याकडे मेमो म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे चालान, बेळगाव-गोव्याकडे फाइन. दुखणं एकच!) गंमत म्हणजे चालानसोबतच्या फोटोत तारीख स्वच्छ दिसते आणि तो बोर्डसुद्धा दिसतो. म्हणजे चूक काकांची नाही, याचा पुरावा दंड करणाऱ्यांनीच पाठवला होता. त्याच रांगेतल्या आणखी चार-पाच गाड्यांनाही दंड झाला. त्यात आरतीला फुलं देणाऱ्या मावशींच्या मुलाची मोपेड होती. त्याने दुसऱ्याच दिवशी पैसे भरून टाकले. पहाटे मंडईतून फुलं आणायला गाडी लागते, तिच्यामागे कटकट नको, म्हणाला.

गटावर तीन प्रकारची मतं आली. पहिलं मत असं की हे प्रारब्ध समजावं. आपण साधक आहोत, पाचशे रुपयांसाठी मनाची शांती का घालवायची? पैठणला एकनाथ महाराज गोदावरीत स्नान करून आले की एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा, आणि नाथ न रागावता पुन्हा स्नानाला जायचे, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. नाथांनी एवढं सोसलं, मग आपल्याला एक चालान सोसवत नाही का?

हे मत हलकं नाही. राग गिळता येणं ही साधनेची कमाईच आहे. पण एक गोष्ट नीट बघायला हवी. नाथांच्या गोष्टीत जे काही होत होतं ते फक्त नाथांच्या अंगावर होत होतं. तो माणूस शेजारच्या म्हातारीवर थुंकत असता, तर नाथ शांतपणे बाजूला उभे राहिले असते, असं आपल्याला वाटतं का?

इथे आम्हाला तुकाराम महाराजांची गोष्ट जास्त उपयोगी वाटली. महाराजांच्या घरी सावकारी होती. दुष्काळ पडला, घरात मृत्यू झाले, आणि वैराग्य आल्यावर त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण परंपरा पुढचंही सांगते, ते आपण विसरतो. सगळी खतं त्यांनी बुडवली नाहीत. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबांना देऊन टाकली आणि फक्त स्वतःच्या वाट्याची नदीत सोडली. वैराग्य त्यांचं होतं, भावाचं नव्हतं. भावाच्या ताटातलं दान करायचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी त्या अवस्थेतही जपलं.

आमचा विचार या गोष्टीवर येऊन थांबला. सोडून देणं ही मोठी गोष्ट आहे, पण सोडता येतं ते आपल्या वाट्याचं. काकांचे 500 रुपये काकांचे आहेत. ते त्यांनी सोडले तर कुणी नाव ठेवणार नाही. पण त्या रस्त्यावर जी चुकीची पद्धत चालली आहे, ती फक्त काकांच्या वाट्याची नाही. काकांना पेन्शन आहे. फुलवाल्या मुलाची दोन दिवसांची कमाई गेली. त्याला अर्ज लिहायला वेळ नाही, तारखेला कोर्टात गेलं तर त्या दिवसाचा धंदा बुडतो. ज्याला लिहिता येतं, ज्याच्याकडे वेळ आहे आणि हातात पुरावा आहे, तोच जर ‘जाऊ दे’ म्हणाला, तर तो स्वतःबरोबर त्या मुलाच्या वाट्याचंही सोडून देतोय. त्याला उदारपणा म्हणता येईल का?

दुसरं मत होतं, ‘ओळख आहे ना, एक फोन करा.’ हे मत सगळ्यात व्यवहारी वाटतं, पण आम्हाला ते सगळ्यात वाईट वाटलं. ओळखीने काकांचं चालान निघेल, रांगेतल्या बाकीच्यांचं तसंच राहील. म्हणजे नियमाने नाही, वशिल्याने सुटलो. ‘पावती नको, दोनशे द्या आणि जा’ हा मार्गही त्याच जातीचा. तिथे तर दंड खरा की खोटा हा प्रश्नच उरत नाही आणि आपण स्वतः त्या घाणीत एक पाय टाकतो.

तिसरं मत लढण्याचं. ते आम्हाला पटलं, पण लढायच्या आधी एक पायरी आहे. खरंच आपली चूक नव्हती ना, हे थंड डोक्याने तपासायचं. ‘दोनच मिनिटं लावली होती’, ‘सगळेच लावतात’, ‘सत्संगाला आलो होतो’ ही उत्तरं नव्हेत. उत्सवाच्या दिवशी कुणाच्या फाटकासमोर गाडी लावून आपण आत नामस्मरणाला बसलो आणि दंड आला, तर तो प्रसाद समजून त्याच दिवशी भरावा. चूक असताना वाद घालणं आणि चूक नसताना ती कबूल करणं, दोन्हीकडे खोटंच बोललं जातं. पैसे भरणं म्हणजे कागदावर ‘मी नियम मोडला’ असं मान्य करणं. सत्याचं व्रत घेतलेल्या माणसाने त्यावर सही करताना क्षणभर तरी थांबावं.

आता व्यवहाराचं थोडं. मोबाइलवर आलेला संदेश आधी खरा आहे का बघावा. खोट्या चालानच्या लिंका आणि फाइली पाठवून खाती रिकामी करणारे खूप झालेत. लिंकवर बोट न ठेवता स्वतः सरकारी परिवहन पोर्टल उघडून गाडीचा नंबर टाकून बघावं. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. चालान खरं असेल तर फोटो, तारीख, वेळ, ठिकाण नीट वाचावं. पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. चालान आभासी न्यायालयाकडे गेलं असेल तर तिथे दोन पर्याय दिसतात, दंड भरणे किंवा आव्हान देणे. आव्हान दिलं की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं. मुदत चुकवू नये. चालान थकलं तर गाडीच्या नोंदणीची कामं अडू शकतात.

लोक अदालतीचाही मार्ग आहे. 1987 च्या कायद्याने ती चालते, फी लागत नाही, आणि बऱ्याचदा दंडाची रक्कम कमी होते. पण लक्षात ठेवावं की ती तडजोड आहे. पैसे वाचतात, ‘चूक नव्हती’ असा निवाडा मिळत नाही, आणि त्यावर अपीलही नसतं. ज्याची थोडी चूक आहे किंवा ज्याला धावपळ झेपत नाही, त्याच्यासाठी हा मार्ग उत्तम. शिवाय 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली कुणीही विचारू शकतं, की या रस्त्यावरच्या पार्किंगचा आदेश काय आहे आणि बोर्ड त्याप्रमाणे आहे का. उत्तर साधारण 30 दिवसांत द्यावं लागतं. हा अर्ज आपल्या एकट्यासाठी नसतो, अख्ख्या रस्त्यासाठी असतो.

आणि दाद मागताना आपली भाषा सांभाळावी. उन्हात दिवसभर उभा असलेला शिपाई आपला शत्रू नाही. त्याने मुद्दाम केलं असं गृहीत धरू नये. अर्जात फक्त घडलं तेवढं लिहावं, विशेषणं गाळावीत. आपण साधक आहोत हे तिथे दिसलं पाहिजे, गळ्यातल्या माळेवरून नव्हे, बोलण्यावरून. मग कुणी विचारेल, मनाची शांती जाणार नाही का? आमच्या मते ती दाद मागण्याने जात नाही, जिंकायच्या हट्टाने जाते. अर्ज करावा, तारखेला जावं, आणि निकाल महाराजांच्या पायाशी ठेवावा.

काकांनी पोर्टलवर तक्रार केली होती. एका ओळीत ‘अमान्य’ असं उत्तर आलं, कारण दिलेलं नाही. त्यांनी आता आव्हानाचा पर्याय घेतला आहे. येण्याजाण्याच्या रिक्षाभाड्यातच दंडाएवढे पैसे जातील हे त्यांना ठाऊक आहे. निकाल काय लागेल ते आज कुणी सांगू शकत नाही. मात्र माहिती अधिकाराच्या अर्जावर त्यांच्याबरोबर फुलवाल्या मुलानेही सही केली आहे, आणि त्या रांगेतल्या आणखी दोघांनी.

ज्या केंद्रांत शिकलेली, घरी असणारी मंडळी आहेत, त्यांनी अर्ज लिहून देण्याची सेवा सुरू करावी, अशी आमची विनंती आहे. गुरुवारी आरतीनंतर अर्धा तास पुरेल. येताना चालानचा क्रमांक, फोटो आणि गाडीचे कागद आणायला सांगावं. अर्ज लिहायच्या आधी प्रत्येकाला प्रेमाने एकदा विचारावं, ‘चूक नक्की नव्हती ना?’

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥