देहात दोघे, जाब कोणाला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या बायका दारूबंदीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढत आल्या आहेत. घरातल्या मारहाणीवर त्यांना ठरलेली सबब ऐकावी लागते: माणूस वाईट नाही, दारू वाईट. म्हणजे हात नवऱ्याचा, पण मारणारा त्याच्या अंगातला दुसराच. ही सबब तपासायला व्हेनमची गोष्ट उपयोगी पडते. पोरांचा विषय म्हणून ती बाजूला सारू नये. १९८८ सालच्या मार्व्हल कॉमिकमध्ये नोकरी गमावलेला पत्रकार एडी ब्रॉक आत्महत्येचे विचार घेऊन चर्चमध्ये येतो. स्पायडरमॅनने झिडकारलेला परग्रहावरचा जीव तिथेच असतो आणि तो एडीच्या देहाला चिकटतो. दोघे मिळून व्हेनम. दोघांना स्पायडरमॅनचा राग आहे, आणि एडीचा राग त्या जीवाच्या येण्याआधीपासूनचा आहे. परक्याने त्याला फक्त बळ दिलं.

देहात दुसऱ्याने शिरणं मराठी मनाला नवं नाही. महानुभाव परंपरेनुसार चांगदेव राऊळांनी आपला देह ठेवला आणि गुजरातेतल्या हरिपाळदेवाच्या मृत शरीरात प्रवेश केला. तेच चक्रधर स्वामी. पुढच्या लीळा चक्रधरांच्या मानल्या जातात, त्यांचा जाब कोणी हरिपाळाला विचारत नाही, कारण तो त्या देहात उरलेलाच नव्हता. एडी मात्र आत जिवंत आहे, पाहतो आहे, बोलतो आहे. २०१८ च्या चित्रपटात तो ओळखीच्या बाईला सोडवायला प्रयोगशाळेत शिरतो आणि तो जीव त्याच्या मर्जीविना अंगात येतो. इथवर त्याचा दोष नाही. पण शेवटी दोघांचा करार होतो: फक्त वाईट माणसं खायची. मग मिसेस चेनच्या दुकानात पिस्तूल रोखून खंडणी मागणाऱ्या गुंडाला ते गिळून टाकतात. तो गुंड वाईट, हे ठरवण्यात एडीचा वाटा आहे. परक्याचं येणं त्याने निवडलं नव्हतं. त्याला ठेवून घेण्याच्या अटी मात्र त्यानेच घातल्या. म्हणून त्या मृत्यूचा जाब त्यालाही द्यावा लागेल.

यावर म्हणता येईल की वाईटालाच खाल्लं तर बिघडलं काय? बिघडतं ते असं, की भूक आधी असते आणि न्याय तिच्या सोयीने शोधला जातो. दुसरा आक्षेप थेट दारूचा आणि जास्त वजनाचा आहे: व्यसन हा आजार आहे, आजाऱ्याला दोष कसा द्यायचा? आजार खराच, आणि उपचार हवेतच. पण आपल्या कायद्यानेही इथे रेघ ओढली आहे. नकळत किंवा मर्जीविरुद्ध नशा चढवली गेली आणि त्यामुळे कृत्याचं भानच उरलं नाही, तर भारतीय न्याय संहिता सूट देते. आपणहोऊन प्यायलेल्याला ती सूट नाही. शिवाय आजारी माणसाला शुद्धीवरचे तास असतात. त्या तासांत तो मदत मागतो की पुन्हा गुत्त्याची वाट धरतो, यावर त्याची जबाबदारी ठरते. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठली. सरकार दुकान बंद करू शकतं, उघडूही शकतं. अंगातल्या परक्याला रोज नव्याने जागा देणं किंवा नाकारणं हे काम सरकारचं नाही. मार खाल्लेल्या बाईने दारूला नव्हे, नवऱ्याला जाब विचारावा, आणि गावाने तिच्या बाजूने उभं राहावं.