आडवं पडणं

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून पेटते ठिपके रांगेने सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तो अवशेष असावा, असं खगोलतज्ज्ञांनी सांगितलं. त्या चित्रफिती पाहताना मी एकाच गोष्टीपाशी अडकलो. सगळे ‘पडतंय, पडतंय’ म्हणत होते, आणि ते तर आडवं चाललं होतं.

पडणं म्हणजे खाली येणं, हे आपल्याला झाडावरच्या आंब्याने शिकवलं. देठ सुटला की पहिल्या सेकंदात तो जवळजवळ पाच मीटर खाली येतो. पृथ्वीलगतचा उपग्रहही सेकंदाला पावणेपाच मीटरच्या आसपास पडतच असतो. पण तेवढ्यात तो पावणेआठ किलोमीटर पुढे सरकतो, आणि तितक्या अंतरात पृथ्वीची गोलाईही तेवढीच खाली वळलेली असते. जमीन हाती लागतच नाही. चंद्रसुद्धा असाच पडतो, सेकंदाला दीड मिलिमीटरहूनही थोडा कमी. फळ आणि चंद्र न्यूटनने एकाच हिशेबात मांडले, याइतकं धाडस मला विज्ञानात क्वचितच दिसतं.

मग ते कडं जमिनीवर आलं कसं? हवेमुळे. वरची विरळ हवा दर फेरीला थोडा थोडा वेग खाते, कक्षा खाली येते, दाट थरात शिरल्यावर उरलेला वेग उष्णतेत जातो. आडवा वेग संपला की शेवटचे काही किलोमीटर रॉकेटचा तुकडाही आंब्यासारखाच सरळ खाली येतो. गुरुत्वाकर्षणाचं गणित चोख आहे. हवेचं तसं नाही, कारण सूर्य तापट झाला की तीही फुगते. त्यामुळे वेळेचा अंदाज मिनिटभर चुकला तरी जागा साडेचारशे किलोमीटरने चुकते.

दूरवरून येणारा दगड याहून वेगवान. नुसत्या पृथ्वीच्या ओढीनेच त्याला सेकंदाला अकरा किलोमीटरचा वेग मिळतो. 10 ऑगस्ट 1972 रोजी असा एक दगड भरदिवसा अमेरिकेच्या युटावर पेटला, मोंटानावर सुमारे 57 किलोमीटर उंचीपर्यंत उतरला आणि कॅनडाच्या बाजूने पुन्हा अवकाशात निघून गेला. पृथ्वीला त्याला धरून ठेवता आलं नाही. सूर्याभोवतीची त्याची वाट मात्र तिने वाकवली.