आजीपाशी ठेवलेलं पोर

नारायण धारपांचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. त्यांच्या पुस्तकांनी कित्येकांची झोप उडवली, ही एक. आणि त्यांनी स्टीफन किंगवरून घेतलं, ही दुसरी. दुसरी गोष्ट खरी आहे. किंगच्या १९७५ च्या ‘सालेम्स लॉट’वर धारपांची ‘लुचाई’ बेतलेली आहे, १९८६ च्या ‘इट’वर ‘शपथ’ आणि ‘ग्रामा’ या कथेवर ‘आजी’. मूळ लेखकाचं ऋण ठळकपणे सांगितलंच पाहिजे, त्यात सवलत नाही. पण एवढ्यावर चर्चा संपवली, तर धारपांनी घेतलेल्या गोष्टीचं केलं काय, हे विचारायचं राहून जातं. भयकथा मुळात जागेची कथा असते. भूत कुठूनही आणता येतं. ते ज्या घरात वावरतं ते घर मात्र वाचकाच्या ओळखीचं लागतं. धारपांनी परक्या भीतीला मराठी उंबरा दिला, आणि ते काम नुसत्या भाषांतरापेक्षा अवघड आहे.

किंगचं बळही जागेतच आहे. १९४७ साली मेन राज्यात जन्मलेल्या या लेखकाने त्याच राज्यात डेरी नावाचं काल्पनिक गाव वसवलं. ‘इट’ कादंबरीत तिथलं अरिष्ट दर सत्तावीस वर्षांनी जागं होतं, पोरं नाहीशी होतात आणि मोठी माणसं मान फिरवतात. त्या अरिष्टाइतकंच हे मान फिरवणं भयंकर आहे. धारपांनी ही कादंबरी मराठीत आणताना नाव बदललं, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. किंगचं शीर्षक त्या अनाम राक्षसाकडे बोट दाखवतं. धारपांचं शीर्षक मुलांनी एकमेकांना दिलेल्या वचनाकडे. एका शब्दात कादंबरीचा भार भीतीवरून बांधिलकीवर सरकला. नुसती उचलेगिरी करणाऱ्याला हे सुचत नाही.

‘आजी’चा प्रवास तर आणखी लांबचा. ‘ग्रामा’मध्ये अकरा वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीबरोबर घरात एकटा आहे, आई दवाखान्यात गेली आहे. त्या कथेत हास्तुर हे नाव येतं. ॲम्ब्रोस बिअर्सच्या एकोणिसाव्या शतकातल्या कथेत हास्तुर हा मेंढपाळांचा देव होता. लव्हक्राफ्ट आणि त्याच्या वर्तुळातल्या लेखकांकडे पोचेपर्यंत त्याचं भेसूर दैवत झालं. २०१८ मध्ये राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ चित्रपटात, धारपांच्या कथेचा धागा घेऊन, कोकणातल्या पावसात तोच हस्तर होऊन अवतरला. या साखळीत अस्सल कोण आणि नकली कोण, हे ठरवत बसण्यात अर्थ नाही. जिथे तो रुजला तिथली माती त्याला चिकटली.

म्हणूनच अशा कथेसाठी बीड जिल्ह्यातल्या धारूरचा विचार करावासा वाटतो. मराठी भयकथेची माती बहुतेक वेळा कोकणातली किंवा जुन्या वाड्यांची. धारूरला बालाघाटाच्या डोंगरात १५६७ साली आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधलेला किल्ला आहे, तेव्हा पडक्या बुरुजांची सोय इथेही होईल. पण खरी जागा किल्ला नव्हे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागतात आणि कितीतरी घरांत मागे उरतात म्हातारी आणि नातवंडं. किंगच्या मुलाला एक संध्याकाळ काढायची होती. इथे तोच प्रसंग पाच-सहा महिने चालतो. अमेरिकेतून आलेली गोष्ट या तालुक्यात दरवर्षी आपसूक घडते आहे.

यावर आक्षेप येईल की या कष्टांना भुताटकीचा साज चढवणं म्हणजे दुःखाचा बाजार मांडणं. त्यासाठी वास्तववादी ग्रामीण साहित्य आहेच. आक्षेप वजनदार आहे, पण पुरता पटत नाही. वास्तववाद उचल किती आणि फिटली किती ते सांगतो. रात्री आठ वाजता त्या पोराच्या पोटात काय कालवतं, ते सांगायला भयकथेची भाषा लागते. शिवाय मान फिरवण्याचं डेरीतलं पाप इथेही आहे. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. एवढं सगळं डोळ्यांदेखत घडूनही गाव गप्प कसं राहतं, हा भयकथेचाच विषय आहे.

भयकथा अंधश्रद्धा पोसते, हा दुसरा आक्षेप मात्र अर्धा मान्य करावा लागतो. भोंदूबाबा खोट्याला खरं म्हणून विकतो; लेखक खोट्याला खोटंच म्हणून सांगतो, हा फरक मोठा आहे. पण धारपांच्या ‘समर्थ’ कथांत सगळं ओझं एका सिद्धपुरुषावर टाकून वाचक मोकळा होतो, आणि तिथे धारप मला कमी पडतात. ‘शपथ’मध्ये मुलांना एकमेकांशिवाय कुणी नाही, म्हणून ती अधिक खरी वाटते. धारूरच्या कथेतही समर्थ नको. दिवेलागणीला वीज गेलेली असावी, फडावरच्या आईचा फोन लागत नसावा, आणि आतल्या खोलीतून म्हातारीने पोराला पाणी मागावं.